तिसरी गंजी जवाब देत नाही

देवळी
६ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. कोकिळेस वासुदेवाचे अनेक आशीर्वाद.

तेरा व्होल्टेज स्टॅबिलायझर, त्यातले अकरा अजून चालू. देवळातला भोंगा, म्हणजे आतला ॲम्प्लिफायर. कर्णा तेवढा विकतचा. शेतातल्या मोटरीचे स्टार्टर, वीज आली की आपोआप सुरू, एक फेज गेली की आपोआप बंद, आपल्या शिवारात एकवीस. कोंबडीच्या पिलांसाठी उबेची पेटी. आपल्या ओसरीवरचं घड्याळ, ज्याची फक्त काच माझी नाही. आणि गेल्या वर्षी मुंबईहून पार्सलने सुटे भाग मागवून जोडलेला कॉम्प्युटर, ज्याचा एकूण एक टाका माझ्या सोल्डरिंग आयर्ननं दिलेला आहे. हे सगळं मी या दोन हातांनी केलं. आयटीआयची पायरी चढलो नाही.

भैय्याजींना म्हणावं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. 'प्रेमदास, तुझ्या साळ्यानं आजवर बनवलं तरी काय?' असं कापसाच्या जिनिंगच्या मालकानं आपल्या जमादाराला, आमच्या जवाईबापूंना, विचारणं म्हणजे मला तराजूत घालणंच झालं. पण माझा राग नाही. ज्याचं वजन भरतं त्यानं तराजूला भ्यायचं कशाला?

आता यंत्राबद्दल. हा भाग जवाईबापूंना वाचून दाखव, कारण ते त्यांच्याच ताब्यात राहणार. कापसाच्या गंजीत ओल राहिली की ती आतून तापते आणि वरून कळत नाही. म्हणून प्रत्येक गंजीत एक लोखंडी सळई खोचायची. सळई पोकळ, तिच्या टोकाशी गरमी ओळखणारा हरभऱ्याएवढा भाग. तिथून तार मुनीमजींच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत. तो दर दहा मिनिटांनी प्रत्येक सळईला विचारणार, किती तापलीस? जुन्या टीव्हीवर आकडे दिसतील आणि शेजारच्या छापयंत्रातून कागदाच्या पट्टीवर निरोप निघेल.

खरं कसब आहे ते निरोपात. यंत्राला सगळंच दिसतं, पण सगळं एकाच आवाजात सांगितलं तर ऐकणारा कान बंद करतो. म्हणून मी निरोपांच्या चार पातळ्या पाडल्या. पहिली नोंद: गंजी पाच, तीस अंश. तुझ्या घरात म्हणायचं तर दूध तापवलं. दुसरी सूचना: वीज गेली, वीज आली, कागद संपत आला, एखादी सळई जवाब देत नाही, अशा किरकोळ गोष्टी. म्हणजे मीठ संपलं. तिसरी इशारा: गंजी तासाभरापूर्वीपेक्षा जास्त तापली. पोराचं अंग गरम लागलं. चौथी धोका: पदराला जाळ. दुसरीला घंटी एकदा वाजेल, तिसरीला तीनदा, चौथीला कोणी येऊन बंद करेपर्यंत.

प्रोग्रॅमच्या तिसाव्या ओळीत एक आकडा आहे. आज तो एक आहे, म्हणजे पहिल्या पातळीपासून वरचं सगळं बोल. दोन केला तर पहिली गप्प, तीन केला तर पहिली नि दुसरी गप्प. असं कुठल्या पुस्तकात लिहिलं असेल तर मला माहीत नाही. मला ते आपल्या घरावरून सुचलं. आई सगळं सांगायची, बाबा फक्त चौथ्या पातळीचं बोलायचे.

आणि जवाईबापूंना म्हणावं, रोज सकाळी प्रत्येक गंजीत बगलेपर्यंत हात खुपसून ऊब पाहायचे दिवस आता संपले.

तुझा दादा,
वासुदेव


आर्वी
१४ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप दादाले कोकिळेचा नमस्कार.

तुझं यंत्र चाललं. चाललं म्हणजे काय, थांबूनच नाही राह्यलं. पहिल्या दिवशी भैय्याजीनं नारळ फोडला, टीव्हीले हार घातला. बाजाराले आलेले लोक पाह्याले येत. हे आपले यंत्राच्या बाजूले उभे राहून सांगत, 'आमच्या साळेभाऊनं केलं जी, एकट्यानं.' छाती अशी काढत का जसं काई यायनंच केलं.

आता आठ दिवसांपासून तऱ्हा वेगळी झाली. वीज गेली की टण्. आली की टण्. आपल्या इकडं वीज किती खेपा जाते तुले माहीतच हाय. दुपारी ऊन चढलं की टण् टण् टण्. मुनीमजीची झोप अर्धी राह्यते. सरकी झाडणारी शोभाबाई यायले म्हणते, 'प्रेमदासभाऊ, तुमच्या साळ्याचं लेकरू उठलं जी, दूध पाजा.' साऱ्या बाया हसतात. कागदाच्या पट्ट्यायचा तं ढीग झाला. काल बकरीनं हातभर पट्टी खाल्ली. पहिल्या पातळीची होती म्हणून वाचली, नाईतं काई खरं नव्हतं.

परवा भैय्याजी यायले म्हणाले, 'प्रेमदास, एक तं हे गप्प कर, नाईतं उचलून घरी ने. कागदाचा रोल मुंबईवून येते, बाभळीले नाई लागत.'

हे तुले लिहिणार नाहीत. लोकायचे जवाई भाजीत मीठ कमी झालं तं ताट सरकवतात, अन् माह्या नशिबी हे. म्हणतात, साळेभाऊनं जीव लावून केलं, खोट कशी काढू. म्हणून मी लिहून राह्यली. थोडकं बोलन असं कर बाप्पा त्याले.

अन् हो, हे अजून रोज सकाळी गंजीत हात खुपसतातच. मी म्हटलं, यंत्र हाय ना. तं म्हणे, 'यंत्र त्याचं काम करते, मी माह्यं करतो.' दादाले सांगू नको म्हणाले, म्हणून सांगून राह्यली.

वहिनीले नमस्कार. तुरीची दाळ पाठवतो, चांगली शिजते.

तुझी
कोकिळा


देवळी
२३ डिसेंबर १९८६

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

शनिवारी आर्वीला येऊन गेलो. तू बाजारात होतीस. पुलगावची छोटी गाडी चुकली असती म्हणून थांबलो नाही.

तुझ्या पत्राचा राग आला नाही. यंत्रात खोट नाही हे आधी समजून घे. ते जितकं सांगायला सांगितलं तितकं सांगत होतं. ऐकणाऱ्यांना जड झालं, एवढंच. मी तिसाव्या ओळीतला आकडा एकाचा चार केला. दुसरा कोणी असता तर त्याला सगळा प्रोग्रॅम उकलावा लागला असता. मी आधीच सोय ठेवली होती म्हणून एका आकड्यात काम झालं. भैय्याजी पाहत होते. 'इतकंच?' म्हणाले. मी म्हणालो, इतकंच होण्यासाठी आधी पुष्कळ करावं लागतं.

आता यंत्र फक्त धोक्यालाच बोलेल. बाकी सगळं मनात ठेवेल. ते गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजायचं. जवाईबापूंना हेच सांगितलं. आणि हात खुपसण्याबद्दलही बोललो. म्हणालो, 'हातावरच भरवसा असेल तर माझं यंत्र कशाला ठेवता? बाया तुम्हाला हसतात, उद्या मला हसतील.' ते हसून म्हणाले, 'नाई घालत जी आजपासून.' मी नाव घेतलं नाही, पण कोणी सांगितलं हे त्यांनी ओळखलं असावं. तुला बोलले तर माझ्यावर ढकल.

दाळ मिळाली. शिजली.

वासुदेव


देवळी
११ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

आज सकाळी स्टँडवर पुलगाव गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं की सोमवारी भैय्याजींच्या जिनिंगात आग लागली, आणि जमादार भाजला. कुठला जमादार, किती भाजला, त्याला नीट सांगता येईना. जवाईबापू कसे आहेत ते ताबडतोब कळव. माझा पाय मुरगळला आहे म्हणून निघालो नाही.

तो असंही म्हणाला की यंत्र वाजलं नाही. यावर माझा विश्वास बसत नाही. मी प्रत्येक जोड दोनदा तपासला होता. चौथ्या पातळीची घंटी मी स्वतः सळई चुलीत धरून वाजवून पाहिली होती, मुनीमजी साक्षी आहेत. दुपारच्या झोपेसाठी कोणी घंटीची तार काढून ठेवली होती का? जवाईबापूंनी स्विच बंद तर केला नव्हता ना? दोष देत नाही. कारण कळलं पाहिजे म्हणून विचारतो.

वासुदेव


वर्धा, दवाखाना
१५ फेब्रुवारी १९८७

दादाले नमस्कार.

हे जिवंत हायत. दोन्ही हात भाजले, उजवा जास्त. तोंडाले काई नाही. डॉक्टर म्हणतात डाव्याचं होऊन जाईन, उजव्याचं पाहू.

सोमवारी दुपारी तिसऱ्या गंजीतून धूर निघाला. पाणी येईपर्यंत यायनं हातानं कापूस उपसला. सारे म्हणून राह्यले होते, प्रेमदास, सर मांगं. हे म्हणे, बाजूच्या गंज्या जातीन. तिसरी गेली, बाकीच्या राह्यल्या.

स्विच सुरू होता. टीव्हीबी सुरू होता, घंटी तेवढी गप्प होती. भैय्याजीनं सांगून टाकलं का जमादारानं बिडी टाकली, अन् यायले कामावरून कमी केलं. विम्याचा साहेब आलता, त्याच्या कागदावरबी तेच लिहून देलं. दादा, हे बिडी पेत नाहीत. तंबाखूचा खर्रा खातात. साऱ्या आर्वीले माहीत हाय. खर्ऱ्यानं गंजी पेटली अशी कोणी आयकली काय?

तू म्हटलं होतं, गप्प म्हणजे ठीक. मंग ठीक काऊन नव्हतं? येऊन पाह्य. तुले समजन, बाकी कोणाले समजणार नाही. तू सांगितलं का यंत्रात असं असं झालं, तं यायच्या नावावरची बिडी जाईन.

पायाची मुरगळ बरी झाली असन तं ये.

कोकिळा


देवळी
२२ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

शुक्रवारी आर्वीला जाऊन यंत्र तपासलं. ते अजून सुरूच होतं. हात लावायला कोणी धजलं नव्हतं. जे आढळलं ते असं.

तिसऱ्या गंजीची तार फाटकापासून बारा हातांवर तुटलेली आहे. तुटण्याची जागा चपटी झाली आहे, म्हणजे कापलेली नाही, चिरडलेली आहे. वरून भरलेली बैलबंडी गेली, हे नक्की. तारा जमिनीत वीतभर पुराव्यात असं मी लावताना सांगितलं होतं. त्या ठिकाणी चार बोटंच पुरलेली निघाली. तार तुटल्यामुळे त्या सळईची गरमी यंत्राला कळलीच नाही. ज्याचं कळत नाही त्याचा धोका ते कसा सांगणार? बाकीच्या सळया ठणठणीत आहेत, छापयंत्र ठीक, घंटी ठीक, बॅटरी ठीक. यंत्राची चूक नाही.

हे मी मुनीमजींना तोंडी सांगितलं आहे. दवाखान्यात यायला त्या दिवशी वेळ झाला नाही. संत्री पाठवतो आहे, डझनभर, नागपुरी नव्हेत, आपल्याच बाजूची, पण गोड आहेत.

वासुदेव


देवळी
३ मार्च १९८७

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

२२ तारखेच्या पत्राचं उत्तर नाही. संत्री पोचली का? जवाईबापूंच्या हाताचं काय म्हणतात? दोन ओळी लिही.

वासुदेव


देवळी
८ मार्च १९८७

कोकिळे, तुझं पत्र नाही. ३ तारखेचं कार्ड मिळालं नसेल तर हे मिळेल. कोऱ्या कार्डावर नुसती सही करून टाकलीस तरी चालेल. तुझी वहिनी रोज विचारते. मीही झोपत नाही.

वासुदेव


वर्धा, दवाखाना
१३ मार्च १९८७

दादाले नमस्कार.

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. पत्राचं उत्तर आलं नाही तं तू दहा दिवसांत कार्ड टाकलं, अन् पाच दिवसांत दुसरं. तुले झोप नाही. आता मले हे सांग, गंजीनं उत्तर नाही देलं तं तुह्या यंत्रानं काय केलं?

हात बांधलेले हायत म्हणून यायले मीच सारं वाचून दाखवतो. तुझं तारेचं पत्र वाचलं. यायनं सारं आयकून घेतलं. मंग म्हणाले, 'ते पयलं पत्र आण घरून, दसऱ्याच्या आंधीचं.' मी आणलं. तुह्या चार पातळ्या वाचल्या. दुसरी आली तं म्हणाले, 'थांब, फिरून वाच.' सळई जवाब देत नाही. किरकोळ. मीठ संपलं.

दादा, हे किरकोळ कसं गा? लेकरू रडते तं रडू दे. पण रडणारं लेकरू गप्प झालं तं माय चूल सोडून धावते. तू घरावरून पातळ्या काढल्या म्हणते, मंग मले विचारलं असतं.

मी यायले म्हटलं, आता दादाले लिहितो. तं हे म्हणाले, 'नको लिहू. नोकरी गेली तं दुसरी पाहू. त्यायचं नाव गेलं तं दुसरं कोठून आणतीन ते?' असे हायत हे. मी तरी लिहून राह्यली. मले नवऱ्याचा हात पाह्याचा रोज, तुले नाही पाह्याचा.

अजून एक. त्या शुक्रवारी तू मुनीमजीशीच बोलला असं लिहिलं. शोभाबाई मले भेटाले आलती. ती सांगे, तुह्या भावानं भैय्याजीच्या गादीवर बसून चहा पेला, दार लोटून. चहात काय बोलणं झालं ते लिही. नसन लिहायचं तं संत्री पाठवू नको.

कोकिळा


देवळी
५ एप्रिल १९८७

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. या वेळी गप्प मी होतो, आणि ठीक काहीच नव्हतं. आता सगळं क्रमानं लिहितो. यात काही सोडलेलं नाही.

त्या शुक्रवारी मुनीमजींच्या खोलीत गेलो तेव्हा टीव्हीवर तिसऱ्या गंजीसमोर आकडा नव्हता, रिकामी जागा होती. ती पाहिली तेव्हाच मला समजलं. तरी मी आधी तार शोधायला बाहेर गेलो. तुटलेली सापडली तेव्हा मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं. मग परत येऊन तिसाव्या ओळीतला आकडा चाराचा पुन्हा एक केला. करताक्षणी घंटी वाजली आणि छापयंत्रातून पट्टी निघाली. गंजी ३ जवाब नाही, ५ तारखेपासून. आग लागली ती ९ तारखेला. म्हणजे चार दिवस यंत्र दर दहा मिनिटांनी हेच म्हणत होतं, आणि मी त्याला मनात ठेवायला सांगितलं होतं. मी ती पट्टी फाडून खिशात घातली, आकडा परत चार केला, आणि घरी येऊन तुला बंडीचं चाक लिहिलं. चाक खरं होतं. चार बोटं पुरलेली तारही खरी होती. सगळं खरं लिहून मी खोटं सांगितलं.

पण त्याहून मोठी गोष्ट जवाईबापूंच्या हाताची आहे. मी आकडा बदलल्यावरही त्यांनी रोज सकाळी गंजीत हात घातला असता, तर पाच तारखेला नाही तर सहा तारखेला त्यांना ऊब लागली असती. तो हात मी काढायला लावला. कशासाठी, तर बाया मला हसू नयेत म्हणून.

गुढीपाडव्याला तू घरी गुढी उभारायला गेली होतीस, तेव्हा मी दवाखान्यात गेलो. तू नसताना जायचं असं ठरवूनच गेलो. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, 'या साळेभाऊ. हात जोडता येत नाहीत, रामराम समजून घ्या.'

मी खाटेजवळ उभा राहिलो. बस म्हणाले, बसलो. म्हटलं, 'यंत्राला ठाऊक होतं. आकडा मी बदलला होता म्हणून ते बोललं नाही.'

'माहीत हाय. माह्याच पुढं तं बदलला. मी बॅटरीचा उजेड धरून उभा होतो तुमच्या खांद्यामांगं.'

'मग भैय्याजींना सांगितलं का नाही?'

'मी सांगून काय होते? जमादार आपली बिडी लपवाले यंत्रावर ढकलून राह्यला म्हणाले असते.' मग म्हणाले, 'अन् वाटलं, तुमचं तुमीच सांगसान. म्हणून थांबलो होतो.'

मी पिशवीतली संत्री काढून खाटेवर ठेवली. ते म्हणाले, 'सिस्टर खर्रा आणू देत नाही. संत्रं तरी खाऊ घाला.' मी फोडी सोलून, बिया काढून त्यांच्या तोंडात एकेक घातली. ते खाताना म्हणाले, 'काई म्हणा, घंटी लय गोड होती तुमची. शोभाबाईले आता करमत नाही म्हणते.' शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारत होता, हे कोण? तर म्हणाले, 'माह्ये साळे. कॉम्प्युटर बनवतात.' त्यांनी छाती काढली, तू लिहिलं होतंस तशी. आणि मी ती पट्टी खिशात घेऊन त्यांच्यापुढे बसलो होतो.

बुधवारी आर्वीला गेलो. विम्याचे साहेब येणार हे मुनीमजींकडून कळलं होतं, म्हणून तोच दिवस धरला. भैय्याजींच्या गादीवर दोघांसमोर पट्टी ठेवली आणि सांगितलं: निरोपांच्या पातळ्या मी पाडल्या, सळईचा जवाब नसणं किरकोळात मी टाकलं, यंत्र मी गप्प केलं, जमादाराला गंजीत हात घालू नका असं मी सांगितलं. प्रेमदास बिडी ओढत नाहीत. साहेबांनी विचारलं, 'गप्प करायला कोणी सांगितलं?' मी म्हणालो, सांगणारे पुष्कळ होते, करणारा मी एकटा. साहेबांनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी पंख्याकडे पाहत होते. मग साहेब म्हणाले, 'यात जमादाराची चूक कुठली?' आणि बिडीचा मजकूर खोडून खाली माझं बोलणं लिहून घेतलं. मी वाचून पाहिलं, एका ठिकाणी त्यांनी 'यंत्र बंद होते' असं लिहिलं होतं, ते खोडून 'यंत्र सुरू होते, गप्प ठेवले होते' असं करायला लावलं, मग सही केली.

जवाईबापूंना पुन्हा कामावर घेतो असं भैय्याजी साहेबांसमोर म्हणाले. तोंड वाकडं करून म्हणाले, पण म्हणाले, आणि मुनीमजींनी हजेरीत नाव घातलेलं मी पाहूनच निघालो. उजवा हात पुरता मिटणार नाही असं डॉक्टरांनी मला सांगितलं. तुला सांगितलं आहे की नाही, ठाऊक नाही. नसेल तर माझ्याकडून कळावं हे वाईट, पण आता मी काही मनात ठेवत नाही.

यंत्र भैय्याजींनी फाटकाबाहेर ठेवायला लावलं. एसटीत मांडीवर घेऊन घरी आणलं. देवळीत बातमी माझ्या आधी पोचली होती. दोघा शेतकऱ्यांनी आपले स्टार्टर तपासून मागितले, तपासून दिले. एकानं नुसतं विचारलं, 'वासुदेवराव, हे गप्प बसलं तं काय समजायचं?' प्रोग्रॅम मी दुरुस्त केला आहे. जवाब नसणं आता चौथ्या पातळीत आहे, आणि तिसाव्या ओळीत कोणताही आकडा घातला तरी तो निरोप दाबला जात नाही. यंत्राला एकही सळई जोडलेली नाही, त्यामुळे ते सुरू केलं की वाजायलाच लागतं. तुझी वहिनी म्हणते बंद करा. मी थोडा वेळ वाजू देतो.

राहिला तुझा चहाचा प्रश्न.

त्या फेब्रुवारीतल्या शुक्रवारी मी पट्टी खिशात घालताना भैय्याजी दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. हाताला धरून गादीवर नेलं, दार लोटलं, चहा मागवला. म्हणाले, 'वासुदेवराव, तुमचं यंत्र चांगलं हाय. माणूस चुकला, यंत्र नाई चुकलं. तुमच्यासारख्याचं नाव काऊन खराब करायचं?' मग काम सांगितलं. मी तेव्हा नाही म्हटलं नाही. विचार करून सांगतो म्हटलं, आणि चहा संपवला. त्यानंतर बुधवारपर्यंत, तू दवाखान्यात असताना, ते जवाईबापूंना बिडीवाला म्हणत असताना, मी ते काम डोक्यात जोडत होतो. कोणत्या जिनिंगात तारा कुठून न्यायच्या, हेसुद्धा ठरवून झालं होतं.

बुधवारी सही झाल्यावर मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. काम होतं त्यांच्या भावकीतल्या चार जिनिंगांसाठी अशीच चार यंत्रं, सामान त्यांचं, घडण माझी, एका यंत्राचे साडेचार हजार, अट एकच, त्या आकड्याबद्दल कुठे बोलायचं नाही. अठरा हजार रुपये.

वासुदेव